बहीण असशील तर सही करशील

ताई,

तुमचं सदर आई मला दर आठवड्याला फॉरवर्ड करते, त्यामुळे हे छापलंत तर ती वाचेलच, पण असू दे. मी मिडवेस्टमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत ज्युनिअर, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे. नऊ वर्षांची असताना पुण्याहून इकडे आले, मराठी बोलते नीट, लिहिताना चुकते, तर सांभाळून घ्या.

आमची साउथ एशियन सोरोरिटी आहे, म्हणजे कॉलेजातल्या मुलींची एकमेकींना बहिणी मानणारी संघटना, तिचा इथला छोटा चॅप्टर, म्हणजे शाखा, १७ मुली. यंदा मी स्कॉलरशिप चेअर आहे, म्हणजे सगळ्यांचे ग्रेड्स बघणं, स्टडी अवर्स लावणं, कुणाला ट्यूटर शोधून देणं वगैरे. आमचा नियम असा की सेमिस्टरचा जीपीए (ग्रेड्सची सरासरी, ४ पैकी) २.५ च्या खाली गेला की पुढचं सेमिस्टर प्रोबेशन. फॉर्मलला (नटूनथटून जायच्या डान्स पार्टीला) जायचं नाही, पोझिशन नाही, आणि आठवड्याला ६ तास लायब्ररीत बसून सही घ्यायची. फॉलमध्ये माझ्या स्वतःच्या लिटलचा २.३१ आला. (बाकीच्या वाचकांसाठी, नवीन मुलीला एक जुनी मुलगी जोडून देतात, जुनी ती बिग आणि नवी ती लिटल.) पहिले काही आठवडे ती आली, मग दोन आठवडे आलीच नाही, आणि मी १२ तासांवर सही केली. आता ती म्हणते पुढचेही कर. मी नको म्हटलं तर म्हणाली, बहीण असशील तर सही करशील. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत ती ४८ टक्क्यांवर आहे, ४ क्रेडिटचा कोर्स, बाकीचे ११ क्रेडिट बी च्या आसपास चाललेत.

त्यातच प्रेसिडेंटला दोन आठवड्यांत वर्षाचा रिपोर्ट हवाय, सिस्टरहूड, सर्व्हिस आणि अॅकॅडमिक्स असे तीन भाग, त्यावर युनिव्हर्सिटीचं अवॉर्ड असतं. अॅकॅडमिक्स मी लिहायचंय. सर्व्हिसमध्ये ३४० तास असं आधीच भरलंय कुणीतरी. मला माहितीये ते फुगवलेले आहेत. आणि आईचं वेगळंच, ती म्हणते इतके डॉलर भरून बहिणी विकत कशाला घ्यायच्या, सख्खी मावसबहीण क्लीव्हलंडला आहे तिला कधी फोन करतेस का.

मी काय करू?

– एक बिग

---

अगं, आधी माझी एक गोष्ट सांगते, मग रागावते.

१९९३ साल, पुणे, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, हॉस्टेलची तीन कॉटची खोली. माझा रोल नंबर ४६ आणि माझ्या रूममेटचा ४७. ती सोलापूरची. दिवाळीच्या सुमारास तिला कावीळ झाली, तीन आठवडे घरी राहून परत आली आणि त्यानंतर वर्गात यायचीच बंद झाली, म्हणजे सकाळी उठायची, आंघोळ करायची, वेणी घालायची, आणि मग म्हणायची तू हो पुढे. मी पुढे व्हायचे आणि दोन प्रॉक्सी मारायचे, ४६ ला नेहमीच्या आवाजात येस सर, ४७ ला मान खाली घालून बारीक आवाजात येस सर, मागच्या बाकावरच्या मुली फिदीफिदी हसायच्या आणि मला आपलं वाटायचं काय जिवाभावाची मैत्रीण आहे मी. तिची टर्म ग्रँट झाली, हजेरीत तर ती माझ्याइतकीच. रिझल्ट लागला तेव्हा चार विषय राहिले. कावीळीच्या तीन आठवड्यांत जे निसटलं ते तिला परत सापडलंच नव्हतं, आणि वर्गात बसून काही कळत नाही याची तिला इतकी लाज वाटायची की ती खोलीवर पंख्याकडे बघत पडून राहायची. हे तिने मला सांगितलं कधी, तर २००९ मध्ये, माझ्या घरी, पोहे खाता खाता. म्हणाली, तू एखाद दिवस तरी नाही म्हणाली असतीस ना, तर आपलं भांडण झालं असतं आणि भांडणात मी बोलून गेले असते.

मी पोह्यांवर लिंबू पिळत बसले, काय बोलणार.

तर तू सही केलीस याचा मला धक्का वगैरे बसलेला नाही. राग आलाय तो वेगळ्या गोष्टीचा. तुझ्या पत्रात ते ६ तास आहेत, १२ तास आहेत, २.३१ आहे, ४८ आहे, पण त्या दोन आठवड्यांत ती का आली नाही हे कुठेच नाही. तू विचारलंस का तिला? विचारलं असशील आणि लिहायचं राहिलं असेल तर सॉरी, पण मला नाही वाटत विचारलंस.

आता माझं बॅकग्राउंड सांगते म्हणजे ही बाई कोण शहाणी असं वाटायला नको. मी अमेरिकेत आले १९९७ ला मास्टर्सला, त्यामुळे सोरोरिटी स्वतः काही केली नाही, तेव्हा आम्ही पाच जणी एका अपार्टमेंटमध्ये राहून भाताचा कुकर आणि फोनचं बिल वाटून घ्यायचो तीच आमची सोरोरिटी. पण नंतर ११ वर्षं एका कॉलेजात अॅकॅडमिक अॅडव्हायझर होते, आणि माझी लेक चार वर्षं सोरोरिटीत होती. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेय मी.

तर अॅडव्हायझर म्हणून पहिलं. तू सगळे आकडे लिहिलेस, एकच लिहिला नाहीस आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कोर्समधून विथड्रॉ करायची शेवटची तारीख. प्रत्येक युनिव्हर्सिटीची वेगळी असते, साधारण मिडटर्मनंतर थोड्या दिवसांत संपते आणि एकदा गेली की गेली. रजिस्ट्रारच्या कॅलेंडरवर असेल. हे पत्र वाचायचं थांबव आणि बघून ये.

आलीस? आता हिशोब करू, हा हिशोब तिच्यासमोर बसून कागदावर करायचाय तुला, मेसेजवर नाही. तिचे १५ क्रेडिट. ११ क्रेडिटना बी म्हणजे क्रेडिटला ३ गुण धर, ३३ झाले. ऑर्गॅनिकच्या ४ क्रेडिटना एफ ला ०, डी ला १, सी ला २. ऑर्गॅनिकमध्ये एफ आला तर ३३ भागिले १५, म्हणजे २.२. डी आला तर ३७ भागिले १५, २.४७. बघ हं, ही गंमत बघ, मुलगी रात्रीचा दिवस करून धडपडून डी पर्यंत आली, सगळ्यांनी केक कापला, आणि तरी नियमाने प्रोबेशनवरच, तीन शतांशांनी. सी आला तर ४१ भागिले १५, २.७३, सुटली. आणि विथड्रॉ केलं तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू येतो, तो जीपीएत धरत नाहीत, मग ३३ भागिले ११, सरळ ३.०.

म्हणजे डब्ल्यू घ्यावा? थांब, तिथेच तर पोरी फसतात. ११ क्रेडिट म्हणजे ती फुल टाइम राहत नाही, त्याला १२ लागतात, आणि तिची स्कॉलरशिप किंवा एड फुल टाइमवर अवलंबून असेल तर तिकडून पैसे परत मागू शकतात. (इंटरनॅशनल मुलींनो, तुम्ही एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर आधी इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओची, म्हणजे तुमचं व्हिसा स्टेटस बघणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी, मग विथड्रॉ, उलटं केलंत तर स्टेटस जाईल, हे मी जीव तोडून सांगतेय.) बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरच्या उत्तरार्धात सुरू होणारे एक क्रेडिटचे छोटे कोर्स असतात, तसा एखादा अजून उघडा असेल तर ११ चे १२ होतात. तेव्हा तिच्या अॅडव्हायझरची अपॉइंटमेंट या आठवड्यात, आणि फायनान्शियल एड ऑफिसला एक ईमेल, दोन्ही डब्ल्यूचं बटण दाबायच्या आधी.

आणि ४८ टक्के म्हटल्यावर घाबरायच्या आधी प्रोफेसरला विचारायचं की या ४८ चा अर्थ काय. आपल्याकडे ३५ ला पास आणि ३४ ला नापास अशी डोक्यात रेघ असते, इथे ऑर्गॅनिकसारख्या कोर्सला काही प्रोफेसर कर्व्ह करतात, म्हणजे सगळ्या वर्गाचे मार्क बघून ग्रेड ठरवतात, कुठे ४८ म्हणजे सी असतो आणि कुठे सरळ एफ. ते फक्त त्या माणसाला माहीत असतं आणि तो ऑफिस अवर्समध्ये रिकामा बसलेला असतो. माझ्याकडे यायची त्यातल्या निम्म्या देशी मुलांना वाटायचं ऑफिस अवर्स म्हणजे सर त्यांचं ऑफिसचं काम करत असतील, डिस्टर्ब कशाला करा. अगं ते तास तुमच्यासाठीच ठेवलेले असतात!

आता ते ६ तास. मला विचारशील तर लायब्ररीत ६ तास बसवून सही घेणं हा अभ्यास नाहीच, ती हजेरी आहे, आणि हजेरी आली की प्रॉक्सी आलीच. तू चेअर आहेस ना, मग या ६ तासांचं काय करायचं ते तू सुचवू शकतेस. दोन तास ट्यूटरिंग सेंटर, तिथे त्यांची स्वतःची नोंद होते, तुझी सही लागतच नाही. एक तास ऑफिस अवर्स. उरलेले तीन तुझ्यासमोर, फोन दोघींचेही बॅगेत, तिचा प्रॉब्लेम सेट तिच्यासमोर आणि तुझं काम तुझ्यासमोर. माझ्या लेकीची बिग असंच करायची, काही शिकवायची नाही, तिला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नव्हतं, ती पोलिटिकल सायन्सवाली. फक्त समोर बसून स्वतःचं वाचायची आणि दर पाऊण तासाने म्हणायची, चल, पाण्याची बाटली भरून आणू. चौथ्या मजल्यावरच्या नळापर्यंत चालत जायचं आणि यायचं. लेक म्हणते की त्या चालण्यात तिने जितकं सांगितलं तितकं मला, म्हणजे सख्ख्या आईला, कधी सांगितलं नाही. असो.

आता ते वाक्य, बहीण असशील तर सही करशील. या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला, कारण ते ऐकायला अगदी बरोबर वाटतं आणि मला १९९३ मध्ये कुणी म्हटलं असतं तर मी छाती फुगवून सही केली असती.

सोरोर म्हणजे लॅटिनमध्ये बहीण. सोरोरिटी हा शब्द या संस्थांसाठी आला सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीत, १८७४ मध्ये तिथे निघालेल्या गॅमा फाय बीटासाठी तो तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी सुचवला, फ्रँक स्मॉली त्यांचं नाव. त्याआधीही मुलींच्या अशा मंडळ्या होत्याच, जॉर्जियातल्या मेकनला वेस्लियन कॉलेजात १८५१ मध्येच एक निघाली होती, पण बहिणी हा शब्द दारावर लागला तो इथून. आणि त्या पोरींची परिस्थिती काय होती बघ. इंडियानातल्या अॅस्बरी युनिव्हर्सिटीत, तिला आता डिपॉ म्हणतात, मुलींना प्रवेश मिळाला १८६७ मध्ये, आणि तीन वर्षांनी १८७० मध्ये तिथल्या चौघींनी मिळून काप्पा अल्फा थीटा काढली. वर्गभर मुलगे, मूठभर मुली, आणि बायकांना हे झेपतं का असं उघड विचारणारा तो जमाना. अशा वर्गात एकीने गचका खाल्ला की सगळ्यांकडे बोट जाणार. त्यांच्या दृष्टीने बहिणीचा अभ्यास हा बहिणीचा खासगी मामला नव्हताच गं, म्हणून तर इतक्या चॅप्टरांमध्ये आजही ग्रेड्सचा नियम असतो, कुणा खडूस बाईला सुचला म्हणून नाही. तुझ्या लिटलला वाटतंय की नियम एका बाजूला आणि बहीणपण दुसऱ्या बाजूला. मला दिसतंय ते असं की नियमामुळेच तर तुला तिचा २.३१ कळला, नाहीतर ती तो आकडा घेऊन एकटी बसली असती.

आणि तुमची साउथ एशियनांची शाखा तर अगदी अलीकडची. १९६५ मध्ये इथला इमिग्रेशनचा कायदा बदलला, मग आपले डॉक्टर इंजिनिअर भराभर आले, त्यांच्या मुली नव्वदच्या दशकात कॉलेजात पोचल्या आणि १९९८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, अवघ्या पाचेक आठवड्यांत, तीन सोरोरिट्या निघाल्या, ऑस्टिनला काप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला सिग्मा सिग्मा ऱ्हो. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते आणि मला याचा पत्ताही नव्हता, मी कुकर लावत होते. पण आता समजतं, घरी एक मुलगी आणि बाहेर दुसरीच मुलगी असं जगणाऱ्या पोरींना जिथे काहीच समजावून सांगावं लागत नाही अशी एक खोली हवी होती.

तर तिला काय म्हणायचं? माझ्या भाषेत असं, तू तुझ्या भाषेत कर: "मी आता सही करणार नाही. मागच्या १२ तासांचं मी प्रेसिडेंटला स्वतः सांगणार आहे, तुझं नाव माझ्या आधी येणार नाही. पण मंगळवारी साडेसहाला मी लायब्ररीच्या दारात उभी असेन, ऑर्गॅनिकचं पुस्तक आण, नाही आणलंस तरी ये." ती चिडेल. दोन दिवस बोलणार नाही, तिच्या स्टोऱ्या तुला दिसणार नाहीत. चालतंय.

आणि हो, ती आली आणि रडली, झोप नाही, जेवण जात नाही, उठावंसंच वाटत नाही असं काही म्हणाली, तर तो स्कॉलरशिप चेअरचा विषय राहत नाही, लगेच काउन्सेलिंग सेंटर, आणि तू सोबत चालत जा. माझ्या रूममेटला तेव्हा असं काही आहे हे ना तिला माहीत होतं ना मला.

प्रेसिडेंटला सांगायचं ते रविवारच्या मीटिंगच्या आधी, एकटीला गाठून, सगळ्यांसमोर नाटक नको. अमुक दोन आठवडे, १२ तास, माझी सही, खोटी. बस. का केली, किती वाईट वाटतं, हे तिने विचारलं तर. ती म्हणेल कदाचित की तू लिटलच्या बाबतीत निर्णय घेऊ नकोस, दुसऱ्या कुणाकडे देऊ, तर दे बिनबोभाट, खरं म्हणजे बिगने स्वतःच्या लिटलच्या हजेरीवर सही करायची ही व्यवस्थाच चुकीची आहे, हे तिथेच सुचव. पद गेलं तर गेलं.

आता तुमचे ३४० तास! अगं मी पत्र वाचताना इथेच थांबले आणि मोठ्याने हसले. सतरा गुणिले वीस किती? बरोब्बर ३४०. सतरा मुली, आणि कुणाचे एकोणीस नाहीत, कुणाचे तेवीस नाहीत, एकीलाही कधी ताप आला नाही, एकीची गाडी बंद पडली नाही. ज्याने कुणी भरलंय त्याने एक आकडा लिहून गुणाकार केलाय. हे कमिटीवरच्या माणसाला दिसणार नाही असं वाटतं का तुम्हाला? मला तर लांबून दिसलं.

आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो म्हणा. आमच्या वेळी एनएसएस होतं, आजही आहे, राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ मध्ये गांधी शताब्दीच्या वर्षात सुरू झालेली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक सात दिवसांचं शिबिर. शिबिरात आम्ही एका गावात चर खणले, ते खरंच खणले, हाताला फोड आले. पण डायरीत जे वृक्षारोपण ४ तास, ग्रामस्वच्छता ५ तास असं लिहायचो त्यातला निम्मा वेळ चहाच्या टपरीवर गेलेला असायचा. त्यामुळे उपदेश करायला मला तोंड नाही, पण आकडा कसा फुगतो ते बरोबर माहितीये.

माझ्या लेकीचा चॅप्टर एका फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट धान्य-डबे देतात तिथे, जायचा, महिन्यातून दोन शनिवार. एकदा मी तिला सोडायला गेले आणि गाडी पार्क करायला जागा मिळाली म्हणून आत डोकावले तर या मुली डब्यांवरच्या तारखा बघत होत्या. लायमा बीन्सचे डबे, कुणीच नेत नाही म्हणून डोंगर साठलेला. फोटो काढण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात एक सत्तरीचं गुजराती जोडपं आलं, आजोबांनी सूपचा डबा उचलून तो डोळ्याजवळ धरला, इंग्रजी येत नव्हतं, काय शोधतायत कुणाला कळेना. लेक गेली, तिने मोडक्या हिंदीत विचारलं, तर त्यांना त्यात बीफ स्टॉक आहे का ते बघायचं होतं. मग ती अर्धा तास त्यांच्याबरोबर एकेक डबा वाचत फिरली. पुढच्या खेपेला तिने आणि अजून दोघींनी मिळून शाकाहारी डब्यांचं वेगळं कपाट लावलं आणि त्यावर गुजराती, हिंदी, पंजाबीत चिठ्ठ्या चिकटवल्या. गुजराती चिठ्ठी चुकली होती म्हणे, आजींनी दुरुस्त करून दिली. हे किती तास झाले? तीन-चार. रिपोर्टमध्ये तुम्ही असलं काही लिहा ना, १९० तास झाले असतील तर १९० लिहा आणि खाली एक प्रसंग लिहा.

यात अजून एक. पैसे गोळा करणं वेगळं आणि हाताने काम करणं वेगळं, तुमच्या सोरोरिटीच्या भाषेत एक फिलांथ्रपी आणि दुसरी सर्व्हिस. दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नका. बेक सेलला उभं राहिलेल्या तासांची खोगीरभरती सर्व्हिसमध्ये झाली असणार, पैज लावते. पैसे गोळा करण्यात कमीपणा आहे असं नाही हं. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या ११ मार्च १८८६ ला, आणि तो सोहळा बघायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या त्या अमेरिकेतच राहिल्या, गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली आणि ठिकठिकाणी बायकांची छोटी छोटी रमाबाई सर्कल्स झाली, दर वर्षी ठरलेले पैसे, दहा वर्षं द्यायचे असं वचन देऊन. त्या पैशांवर मुंबईत शारदा सदन उघडलं, तारीख बघ, ११ मार्च १८८९. विधवा मुलींना शिकायला घर मिळालं ते ज्यांनी हिंदुस्थान कधी बघितलाही नाही अशा बायकांच्या वर्गणीतून. कुणी तास मोजले नाहीत. पण डॉलर मात्र मोजले असणार आणि खरे मोजले असणार, नाहीतर दहा वर्षं कोण देतं?

हा रमाबाईंचा किस्सा आईला वाचायला दे, मी आता तिच्याकडे वळतेच आहे.

वहिनी, तुम्ही हे वाचताय हे गृहीत धरून लिहिते. बहिणी विकत घ्यायच्या हे वाक्य झकास आहे, मी पण लेकीला जवळपास हेच बोलले होते. पण भगिनी मंडळाची वर्गणी आपण भरतोच ना, भिशी लावतोच ना, हळदीकुंकवाचा हॉल काय फुकट मिळतो? पैसे देण्यावर आक्षेप नको, पैसे जातात कुठे त्यावर ठेवा. लेकीला चॅप्टरचं बजेट मागा, नॅशनल ऑफिसला किती, इन्शुरन्सला किती, टीशर्ट आणि फॉर्मलला किती. टीशर्टचा आकडा बघून तुम्हाला चक्कर येईल ही माझी गॅरंटी. (आणि ही वर्गणी टॅक्समधून वजा होत नाही, कुणी सांगितलं तरी ऐकू नका.)

दुसरं, विचारायला संकोच वाटतो ते विचारा. नवीन मुलींना त्रास देतात का, दारू पाजतात का, रात्रभर जागवतात का. हेझिंगच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. २०२४ च्या डिसेंबरात स्टॉप कॅम्पस हेझिंग अॅक्ट नावाचा फेडरल कायदा झालाय, त्यानुसार कॉलेजांना दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती वेबसाइटवर टाकावी लागते. तिच्या युनिव्हर्सिटीचं ते पान उघडून बघा, लेकीसोबत बसून. मी बघितलं असतं तर चार वर्षं निवांत झोपले असते, आमच्या वेळी नव्हतं.

आणि क्लीव्हलंडच्या मावसबहिणीला फोन करायलाच हवा, त्यात मी तुमच्या बाजूने आहे.

बाळा, आता रिपोर्टमधला तुझा भाग. जीपीएची सरासरी येईल ती लिही, युनिव्हर्सिटीकडेही ते आकडे असतातच, तिथे लपवाछपवी चालत नाही. स्टडी अवर्सच्या ओळीत ते १२ वजा कर. आणि खाली दोन ओळी लिही की यंदा सहीची पद्धत चालली नाही, पुढच्या वर्षी ट्यूटरिंग सेंटरच्या नोंदी धरणार आहोत. अवॉर्ड मिळेल की नाही, नसेल मिळत बहुतेक. कुणाचे २३ तास, कुणाचे १७ तास असं खरं खरं लिहिणाऱ्या चॅप्टरला ३४० वाल्या चॅप्टरसमोर नेहमीच जरा कमी पडल्यासारखं होतं. फॉर्मलचंही, लिटल जाणार नाही ठरलंय तर तू जा, मजा कर, तिच्यासाठी घरी बसून हुतात्मा व्हायची गरज नाही, फक्त तिथून येताना तिच्यासाठी काहीतरी खायला बांधून आण. माझी रूममेट आमच्या गॅदरिंगला आली नव्हती तेव्हा मी येताना दोन सामोसे आणले होते, गार झालेले, ते तिला अजून आठवतात. प्रॉक्सी नाही आठवत.

विथड्रॉची तारीख बघितलीस ना खरंच? नसेल तर आधी ती बघ आणि मला कळव काय निघाली.

– ताई